प्रेताने हलायचं नाही

"बाबा, माझ्या सिनेमात प्रेत होशील का?" असं लेकीने विचारलं, तेव्हा बाबांनी निदान 'बघू' एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण विमा कचेरीत मान खाली घालून केस पांढरे झालेल्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारून काम देत होतं. (बाकीच्यांनी ते नुसतं टेबलावर आणून आदळलं होतं.) बाबा ताबडतोब हो म्हणाले आणि तिथेच फसले.

लेक सिनेमाच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या थ्रिलरची सुरुवात बघायला आज सर स्वतः घरी येणार होते. त्यांना पटली तर सिनेमा तिचा. नाहीतर वर्षभर दुसऱ्याच्या सिनेमात वायरी उचला!

प्लॅन ठरला होता. कॅमेरा दारातून आत येतो. उपडी खुर्ची, ओढून काढलेले ड्रॉवर, फुटलेला कप आणि गालिच्यावर बाबा.

"पण मला मारलं कुणी?"

"ते शेवटी कळतं."

"मग निदान का मारलं ते तरी सांग. त्याशिवाय चेहऱ्यावर भाव कसे आणू?"

"बाबा, तू मेलायस! भाव नकोत, काही नको. नुसता पड!"

बाबा हिरमुसून पडले. लेकीने खुर्ची चार वेळा पाडली, कारण ती म्हणे 'पडल्यासारखी' पडत नव्हती. कागद उधळले, उशा फेकल्या. अखेर सगळं मनासारखं विस्कटल्यावर ती सरांना आणायला निघाली.

"काहीही झालं तरी हलायचं नाही. प्रेत हललं की कंटिन्युइटी गेली!"

कंटिन्युइटी म्हणजे काय देव जाणे, पण आपल्यामुळे ती जाता कामा नये, असं बाबांनी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात आई ड्यूटीवरून आली. आई हॉस्पिटलात हेड नर्स. मोठे डॉक्टर राउंडला यायच्या आत वॉर्ड चकाचक करायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

"अगं बाई! सर पहिल्यांदा घरी येणार आणि हा उकिरडा? खून करायचा तर करा, पण जरा नीट करा की!"

तिने पदर खोचला. बाबांनी ओठ न हलवता म्हटलं, "अगं, राहू दे..."

"मेलेल्यांनी बोलायचं नसतं," आई म्हणाली आणि खुर्ची सरळ केली.

डोळ्यांदेखत लेकीचा सिनेमा आवरला जात होता आणि बाबांना ओरडताही येईना. उठावं तर लेक चिडणार, पडून राहावं तर लेक बुडणार! ड्रॉवर आत गेले, कप केरात गेला, उशा ओळीने बसल्या. शेवटी आईने बाबांचे हात सरळ केले, डोक्याखाली उशी सारली आणि गळ्यापर्यंत चादर ओढली. कडा अंगाखाली घट्ट खोचलेल्या. आता हलायचं म्हटलं तरी सोय उरली नाही.

दार उघडलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा! तू इथेच होतास ना?"

"मी हललो नाही," बाबा कळवळून म्हणाले.

सर मात्र दारातच थबकले होते. "वा! खून करून खुनी शांतपणे घर आवरून गेला? अंगावर काटा आला बघ. असली सुरुवात कुणी आणली नव्हती. खुनी आहे तरी कोण?"

लेकीने फडकं घेऊन उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं.

"उत्तम! सिनेमा तुझा. फक्त ते प्रेत काढ. इतक्या नीटनेटक्या घरात तेवढाच एक पसारा वाटतोय."

"सर, अगदी माझ्या मनातलं बोललात!" आई म्हणाली.

बाबांनी चादरीतून बारीक आवाजात विचारलं, "मग आता हलू का?"

"हल की!" लेक आनंदाने म्हणाली. "आणि खाली गाडीत वायरी आहेत, तेवढ्या उचलून आण."