काल्याच्या दिवशी कॉम्प्युटर

अकरावी विज्ञानाचा फॉर्म भरायला जयवंत आंघोळ करून, देवघरासमोर पाट मांडून बसले. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित यांत निवडीचा प्रश्नच नव्हता. ते विषय माणूस घेत नाही, विषयच माणसाला घेतात. प्रश्न होता चौथ्या, व्यावसायिक विषयाचा. चंदनसारच्या त्या ज्युनिअर कॉलेजात असे चार विषय होते आणि चारही पसंतीक्रमानं लिहिणं सक्तीचं होतं.

फॉर्म हातात देताना त्यांची लेक उन्नती एवढंच म्हणाली, "यादी तुम्हीच लावा बाबा. तुम्हाला सवय आहे."

सवय होतीच. सोसायटीच्या हरिनाम सप्ताहाची कीर्तनकारांची यादी पंधरा वर्षं जयवंतच लावत. पहिल्या दिवशी नवखा बुवा, मग दिवसागणिक चढत्या क्रमानं, आणि शेवटी काल्याला नामांकित महाराज. थोरांना पहिल्या दिवशी उभं करणं म्हणजे त्यांचा अपमान, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांना लेकीसाठी कॉम्प्युटर हवा होता. तो सन्मानानं चौथ्या ओळीत गेला. त्याच्या आधी इलेक्ट्रॉनिक्स, त्याच्या आधी पीकशास्त्र. आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या घरानं जिचं नावही काढू नये, ती मत्स्यप्रक्रिया पहिल्या दिवसाचा बुवा झाली.

आठवड्यानं कॉलेजच्या खिडकीतून लिडिया मॅडमनी कागद पुढे केला. "अभिनंदन काका. पहिली पसंती मिळाली. मत्स्यप्रक्रिया."

"अहो, पण कॉम्प्युटर शेवटी लिहिलाय ना मी?"

"हो. तुम्हाला नकोच होता म्हणून."

"शेवटी म्हणजे मुख्य, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून त्यांना नीट न्याहाळलं. "काका, पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाहीतर मुलगी पुढच्या फेऱ्यांतून बाद. मनासारखं मिळाल्यावर नको म्हणायची सोय फॉर्ममध्ये नाही. अगदीच बदलायचं तर हा विषय शिकवणाऱ्या पास्कल सरांची ना-हरकत आणा."

वटारचे पास्कल सर प्रयोगशाळेत काचेची टाकी पुसत होते. जयवंतांचं नाव ऐकताच त्यांनी फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"बावीस वर्षं शिकवतोय साहेब. पोरं माझ्याकडे येतात ती सगळीकडून हाकलल्यावर. पहिल्या ओळीत हा विषय कधी कुणी लिहिला नव्हता. मी त्या फॉर्मचा फोटो काढून बायकोला पाठवला." मग त्यांची नजर जयवंतांच्या माळेवर गेली. "आणि तेही माळकऱ्याच्या घरून. एवढं मोठं मन कुठे बघायला मिळतं?"

जयवंत म्हणजे कीर्तनात दुसऱ्याच्या सुखानं डोळे पुसणारा माणूस. त्याच्या तोंडून ना-हरकत हा शब्द निघेना. जयवंत घरी परतले ते प्रॅक्टिकलच्या सामानाची यादी घेऊन.

मनोरमाबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "एप्रन. हातमोजे. सुरी. बांगडे, मध्यम आकाराचे, दोन." त्यांनी कागद नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "घ्या. सप्ताहाचा प्रसाद."

जयवंत लेकीसमोर मान खाली घालून बसले. "चुकलं गं माझं. यादी उलटी लागली. तुझा कॉम्प्युटर गेला."

"माझा कुठे? तो तुमचा होता."

"म्हणजे?"

"मला हेच शिकायचं होतं. कॉलेज बघायला गेलो तेव्हा त्या टाकीसमोरून मी हलत नव्हते, आठवतं?"

"मला वाटलं, वासानं तुला गरगरतंय."

"सरळ मागितलं असतं तर दिलं असतं?"

जयवंतांचा हात माळेकडे गेला.

"कळायला लागल्यापासून तुमच्या सप्ताहाच्या यादीच्या रेघा मारायला मी पट्टी धरतेय बाबा. तुम्ही कोणाला कुठे बसवता, मला माहीत नाही? म्हणून तर फॉर्म तुमच्या हातात दिला."

मनोरमाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. जयवंतांनी मांडीवरचा कागद उचलून पुन्हा वरून खाली वाचला.

"बांगडे शेवटी लिहिलेत," ते म्हणाले. "म्हणजे मुख्य तेच. कधीपर्यंत आणायचे?"