काहीही झाकू नये

ताई संध्याकाळी पाचला येणार होती, आणि दुपारी दोन वाजता तिच्यासाठीचा पलंग सुटा होऊन हॉलभर पसरलेला होता.

पलंग आईचा, लोखंडी. आई गेल्यावर तो कुणी न्यायचा यावरून बहीणभावांचं असं बिनसलं की धाकट्यानं पलंग आणला खरा, पण पुढची सहा वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरी पाऊल टाकलं नाही. आता गुडघा दाखवायला ताईला इकडे येणं भाग होतं. "एक रात्र काढीन तुझ्याकडे," एवढंच ती फोनवर म्हणाली आणि धाकट्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पलंगाला गंज चढला होता, रंगाचे पोपडे सुटले होते. भांडून नेला आणि सडवला, असं ताईला वाटून चालणार नव्हतं.

म्हणून तो पावडर कोटिंगवाल्याकडे गेला. त्या कारागिरानं सगळं समजावून सांगितलं. आधी जुना रंग काढून लोखंड उघडं करायचं, मग विजेच्या जोरावर चिकटणारी कोरडी पूड त्यावर उडवायची आणि शेवटी भट्टीत भाजायचं. पूड वितळते आणि लोखंडाला अशी धरते की नखानं निघत नाही. जुनं सगळं खरवडल्याशिवाय नवं धरत नाही, हे ऐकून धाकटा उगीचच गंभीर झाला.

"बोल्टचे आटे आणि भोकं झाकून घेतो," कोटिंगवाला म्हणाला. "तेवढी जागा कोरी राहील."

धाकट्यानं छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. सुटलेला अनुस्वार त्याला जेवू देत नसे. कोरी जागा म्हणजे कामचुकारपणा, असं त्यानं सुनावलं. जोडताना अडेल, असं त्या बिचाऱ्यानं दोनदा बजावलं. तेव्हा धाकट्यानं चिठ्ठीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, 'काहीही झाकू नये'.

त्याप्रमाणे काहीही झाकलं गेलं नाही. पलंग आरशासारखा लखलखत आला, पण नट बोल्टावर चढेना आणि बोल्ट भोकात शिरेना. धाकट्यानं तेल घातलं. तेलानं पाना निसटला आणि कपाटाच्या काचेवर गेला. "अहो, पलंग जोडताय की घर मोडताय?" असं म्हणत बायको काचा गोळा करू लागली, आणि तेवढ्यात बेल वाजली. ताई दोन तास आधीच आली होती.

काठी टेकत ती आत आली आणि पसाऱ्याकडे बघत उभी राहिली. कोटिंगवाल्यानं वाट लावली, असं सांगायचं धाकट्यानं मनात पक्कं केलं होतं. पण तिच्या हातातली काठी बघून ते ओठांवर येईना.

"माझं चुकलं, ताई. तो सांगत होता, मीच ऐकलं नाही."

ताईनं काठी भिंतीला टेकवली. "हे वाक्य सहा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?" ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मग तिनं कानस मागितली.

बोल्ट आठ होते. आटे ताईनं घासले, भोकं धाकट्यानं. पहिले दोन बोल्ट मुकाट्यानं झाले. तिसऱ्याला आईचा विषय निघाला, पाचव्याला दोघंही कडाडून भांडली, आणि सातव्याला ताई रडतेय की हसतेय हे बायकोला स्वयंपाकघरातून कळेना. दिवेलागणीला पलंग उभा राहिला.

ताईनं त्यावर बसून कडेवरून हात फिरवला. "झकास झालाय. हा आता मी नेणार."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. धाकट्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्याला राग आलाच नाही. उलट मोकळं वाटलं.

"ने," तो म्हणाला. "पण तिकडे जोडणार कोण? हे आटे दुसऱ्या कुणाच्या हाताला दाद द्यायचे नाहीत."

"म्हणून तर नेतेय," ताई म्हणाली. "येताना कानस घेऊन ये."