वाघापुढे पळ काढताना

एका जंगलात, मुलांनो, धडकी नावाची एक शिकलेली सशीण राहायची. पान पडलं तरी तिला धस्स व्हायचं.

त्या जंगलाला मुहूर्ताचं वेड होतं. हे शास्त्र मूळ वाळवंटातल्या एका उंटाचं, अरबीतलं. नखं केव्हा कापावीत, लढाई केव्हा करावी, सगळं त्यात होतं. करकोचेबुवांनी ते लॅटिनमध्ये नेलं. चर्चच्या मनोऱ्यावर घरटं होतं ना त्यांचं, तिथंच लॅटिन शिकले. अरबीत ते एका उंटाचं म्हणणं होतं. लॅटिनमध्ये गेल्यावर त्याचं शास्त्र झालं.

शास्त्राच्या शेवटी उंटानं बजावलं होतं, जिवावर बेतलं तर मुहूर्त बघत बसू नका, पळा. ते जंगलाच्या भाषेत आणताना 'पळा' हा शब्द बुवांना गावठी वाटला. त्यांनी भारदस्त लिहिलं, 'वाघ दिसताच पळ काढावा.'

धडकीनं ते पाठ केलं. घटकेत साठ पळं असतात, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. मुहूर्त काढतात तसाच पळ काढायचा, एवढंच.

एका सकाळी उतारावर गवत खाताना समोर वाघ उभा राहिला. धडकीचं शिक्षण कामी आलं. ती मटकन बसली. घटका मोजायची भोकाची वाटी तिनं डबक्यात सोडली आणि बोटांवर ग्रह मोजू लागली.

वाघ गोंधळला. "काय करतेस गं?"

"पळ काढतेय, महाराज."

"बसून?"

"उभ्यानं हिशेब चुकतो."

"तुझी घटका भरली आहे."

"इतक्यात नाही, महाराज. वाटी तरंगतेय अजून."

वाघानं वाकून पाहिलं. तरंगत होती खरी. हे लॅटिनमधून आलेलं का, त्यानं दबकत विचारलं. ती हो म्हणताच त्यानं पंजा आवरला. मागचं हरीण त्याला अवेळी खाल्ल्यामुळेच बाधलं होतं म्हणे. माझाही पळ काढ, म्हणाला.

धडकीनं काढला. दोघांचा एकच निघाला, आकाश एकच ना. तिचा सुटकेचा, त्याचा न्याहारीचा.

मग दोघं शेजारी बसून वाटीकडे बघत राहिले. मध्येच वाघानं जांभई दिली, तर धडकी दचकली आणि तिनं मोजणी पहिल्यापासून धरली. वाघानं माफी मागितली.

अखेर वाटी बुडली. वाघानं झेप घेतली आणि जागच्या जागी आडवा झाला. बसून बसून चारही पायांना मुंग्या आल्या होत्या. धडकीच्याही पायांना आल्या होत्या, पण ती गोल होती. घरंगळत खालच्या बिळात गेली आणि तिनं आधी करकोचेबुवांना नमस्कार केला.

तात्पर्य: शास्त्र चुकीचं असलं तरी जीव वाचवतं; फक्त वाघानंही तेच वाचलेलं असावं.