सरावाची चौथी

शिक्षक घडवणाऱ्या सरकारी विद्यापीठाच्या सरावशाळेत चौथीचा एकच वर्ग होता आणि त्यातली मुलं मोठी होत नसत. दरवर्षी होऊ घातलेल्या शिक्षकांची नवी तुकडी यायची, तिला पाठ घ्यायला मुलं लागायची, आणि नवी मुलं रुळवण्यात निम्मं वर्ष वाया जायचं. तेव्हा विद्यापीठाने सवयीची मुलं ठेवून घ्यायचं ठरवलं. पालकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपलं मूल विद्यापीठाच्या वर्गात बसतंय, याचं त्यांना कौतुकच होतं.

वैजयंती खोडकेचा थोरला भाऊ श्रीरंग या वर्गात होता. तो तिथे बसला तेव्हा ती पाळण्यात होती. दर दिवाळीला आई तिला घेऊन त्याला भेटायला जाई. आधी दादा तिला कडेवर घ्यायचा, पुढे दोघं लगोरी खेळू लागली, आणि एका दिवाळीला ती त्याच्यापेक्षा उंच निघाली. त्या दिवशी दोघं लगोरी खेळली नाहीत. नंतर तिचं लग्न झालं, मुलं झाली. मग वडील गेले. श्रीरंगला हे कुणी सांगितलं नाही. त्याने विचारलं की आई म्हणे, कामात आहेत, पुढच्या वेळी येतील.

वडिलांच्या माघारी आईने एकच धोशा लावला, की डोळे मिटायच्या आत श्रीरंग घरी यावा. म्हणून वैजयंतीने, पोरं नवऱ्याच्या गळ्यात घालून, त्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तिला शिक्षिका व्हायचं नव्हतं. शिक्षकांची भरती होत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

वर्गातून सुटायची वाट एकच होती. मुलाला वर्गात खरोखर काही नवं कळलं, की ते पाचवीत जाई आणि वाढायला लागे. पण इतक्या वर्षांत एकही मूल गेलं नव्हतं. प्रत्येक पाठ त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की नवख्या शिक्षकाचा हिरमोड होऊ नये म्हणून ती चुकीची उत्तरं मुद्दाम तयार ठेवत. शिक्षक चूक सुधारी, मुलं ‘हो सर’, ‘हो बाई’ म्हणत, पाठाला गुण मिळत.

वैजयंतीने वर्षभर नाना गोष्टी शिकवून पाहिल्या. ग्रहणं, मधमाश्या, पोटातल्या आतड्यांची लांबी, तुर्की भाषेतले आकडे. मुलांना सगळं येत होतं. श्रीरंग तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसे आणि तिला इतरांसारखंच ‘बाई’ म्हणे.

शेवटच्या पाठाच्या आधी ती सराव विभागाचे प्रमुख दातीर सर यांच्याकडे गेली आणि यादीबाहेरचा विषय घेऊ का म्हणाली. सर सज्जन होते, थकलेले होते. कोणताही घ्या, त्याने काही फरक पडत नाही, असं ते म्हणाले.

पाठाच्या वेळी सर नेहमीप्रमाणे मागच्या खुर्चीत बसले. वैजयंतीने फळा पुसला.

“आज मी तुम्हाला एक खरी गोष्ट सांगणार आहे,” ती म्हणाली. “आपल्या वर्गातल्या एका मुलाचे वडील...”

श्रीरंग उभा राहिला.

“बाई, सांगू नका.”

“ऐकून तर घे.”

“मला ते कळायला नको.” बाकीच्या मुलांनी एव्हाना कानांवर हात ठेवले होते. तो जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “वैजू, बाक रिकामा राहिलेला चालत नाही. एक गेलं की त्याच घरातलं चौथी न झालेलं दुसरं घेतात. तू चौथीत गेलीस, त्या वर्षी मला भागाकार कळला असता. मी कळू दिला नाही.”

वैजयंतीने सरांकडे पाहिलं.

“नियम आहे तसा,” सर म्हणाले. “घरच्यांना सवय असते ना. संमती एकदाच घेतो आपण, आणि ती घराची असते.”

ती श्रीरंगच्या बाकाजवळ गेली आणि वाकली.

“पण दादा, मी तर आता मोठी झाले.”

“तुझी मुलगी कितवीत आहे?”

“तिसरीत.”

“आणि धाकटा?”

“बालवाडीत.”

त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला. “मग अजून बसावं लागेल,” तो म्हणाला, आणि खाली बसला.

वैजयंतीने फळ्यावर भागाकाराचं उदाहरण लिहिलं. घंटा होईपर्यंत तिने तेच शिकवलं. मुलांनी व्यवस्थित चुका केल्या. सरांनी नंतर तिला सांगितलं, की सुरुवात जरा भरकटली, पण पुढे पाठाने चांगली पकड घेतली. तिला पहिला वर्ग मिळाला.

ती माहेरी गेली तेव्हा आई ओसरीवर बसली होती. श्रीरंग येणार म्हणून आईने शिंप्याकडून त्याच्यासाठी फुलपँट शिवून आणली होती, चांगली वाढत्या मापाची. वैजयंती एकटीच आलेली पाहून तिने पँटची घडी घालून बाजूला ठेवली. वैजयंतीने, तो बरा आहे, एवढंच सांगितलं. भागाकाराचं आणि बाकाचं ती आईला बोलली नाही.

दुपारची जेवणं झाल्यावर आईने ती पँट मांडीवर घेतली. गुडघ्याच्या वर बोट ठेवून माप धरलं आणि कात्री चालवली. मग कड दुमडून टाके घालायला बसली. सुईत दोरा काही केल्या जाईना. वैजयंतीने तो ओवून दिला.