सरावाचं अंडं

एका जंगलात पिल्लू होण्याआधी आईबापांनी वर्गाला जायची पद्धत पडली होती. हसू नका, बाळांनो. तुम्हाला बाळांनो म्हणते खरी, पण तुमच्यातल्या निम्म्यांची पोटं सुटलेली आहेत आणि दोघातिघांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, हे मला इथून दिसतंय. म्हणून तर ही गोष्ट काढली. मांडी घाला आणि मोबाईल खाली ठेवा.

तर त्या जंगलात एका बाभळीवर डोमाजी नावाचा कावळा राहायचा. बायकोचं नाव सावळी. दोघं तशी साधी माणसं. म्हणजे कावळेच, पण साधे.

गेल्या वर्षी त्यांचं एक अंडं गेलं होतं. सावळी जरा पाणी प्यायला ओढ्यावर गेली. डोमाजीला बसायला सांगून गेली होती. तेवढ्यात पिंपळावर कावळ्यांची सभा भरली, आणि सभा भरली की कावळ्याला घरात बसवत नाही. त्यात गारा पडल्या. दोघं परत आली तेव्हा अंडं गार पडलेलं. सावळी त्यावर तीन दिवस बसून राहिली. काही उपयोग झाला नाही.

त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. पण यंदा घरट्याला पहिली काडी लावली तेव्हा डोमाजी म्हणाला, "अगं, या खेपेला सगळं शास्त्रशुद्ध करायचं. आमराईत कोकिळाबाईंचा वर्ग आहे. नाव घातलंय आपलं."

तुम्ही एकमेकांकडे बघायला लागलात. कळलं. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. डोमाजीला ठाऊक नव्हतं. तो सगळ्या सभांना जायचा, त्यामुळे त्याला काहीच ठाऊक नसायचं.

डोमाजीची आई वरच्या फांदीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अंडं घालायचं आणि वर बसायचं. त्यात शिकायचं काय? मी अकरा वेळा बसले."

"आई, तुझा काळ वेगळा होता."

"काळ वेगळा असेल. अंडं तेच आहे," म्हातारी म्हणाली. तिला कोणी वर्ग घ्यायला सांगितलं नव्हतं, कारण ती फुकटात सांगायची आणि घरातली होती.

वर्ग सकाळी असायचा. आंब्याच्या आडव्या फांदीवर जोडपी ओळीने बसायची. सगळी कावळ्यांचीच. सुगरणीने यायचं नाकारलं होतं, तिला घरटं विणायचं होतं. कोकिळाबाई समोरच्या डहाळीवर बसून गोड आवाजात सांगायच्या, "श्वास आत घ्या. धरून ठेवा. आता सोडा. तुम्ही एक फूल आहात."

सावळीला आपण फूल आहोत असं काही वाटेना. डोमाजीला मात्र वाटलं. त्याने श्वास इतका आत घेतला की डोळे फिरून तो फांदीवरून खाली पडला. बाईंनी त्याचं कौतुक केलं. "याला म्हणतात समरस होणं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून डोमाजी पहिल्या ओळीत बसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सावळीने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः किती अंडी उबवलीत?"

डोमाजीने तिला पंखाने ढोसलं.

"उबवणं ही जुनी पद्धत झाली," कोकिळाबाई हसून म्हणाल्या. "मी मार्गदर्शन करते."

"पण पिल्लं आहेत ना तुम्हाला?"

"माझी पिल्लं साऱ्या जंगलात आहेत."

"म्हणजे विद्यार्थी गं," डोमाजी कुजबुजला. "किती मोठं मन बघ."

चौथ्या दिवशी बाईंनी प्रत्येक जोडप्याला घरचा अभ्यास दिला. एकेक अंडं. जरासं लहान, ठिपके ठिपके असलेलं. "हे सरावाचं अंडं," त्या म्हणाल्या. "तुमचं खरं येईपर्यंत यावर हात बसवा. याला गार पडू द्यायचं नाही. माझं लक्ष असेल."

हे सरावाचं साहित्य आलं कुठून, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही तरी वर्गात विचारता का?

सावळीने ते अंडं पोटाखाली घेतलं. जरा वेळ ती हललीच नाही. मग डोमाजीकडे बघून म्हणाली, "अहो, हे..."

"काय?"

"काही नाही. तुम्ही चारा आणा."

दोन दिवसांनी सावळीचं स्वतःचं अंडं आलं. तिने दोन्ही पोटाखाली घेतली. डोमाजीने सराव थांबवायचा का म्हणून बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "सराव कधी थांबवायचा नसतो."

शेवटचा धडा नादसंस्काराचा होता. बाईंचे यजमान कोकीळराव घरोघरी जाऊन समोरच्या फांदीवर बसून गायचे. अंड्यातल्या पिल्लाच्या कानावर सूर पडले की पिल्लू गाणारं निघतं, असं त्या शास्त्रात होतं. कोकीळराव खरंच सुंदर गायचे. डोमाजी डोळे मिटून मान डोलवायचा. सावळी पंख आवळून अंड्यांवर बसलेली असायची, कारण वारा सुटला होता.

आणि एका सकाळी सरावाचं अंडं फुटलं.

डोमाजी धावत आमराईत गेला. "बाई, सरावाच्या अंड्यातून पिल्लू आलं!"

"अभिनंदन," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुमचा सराव फार चांगला झालाय. पुढचा धडा, भरवणे."

डोमाजी मान उंच करून घरी आला. पिल्लू काळं होतं, डोळे लाल होते. "हुशार मुलांचे डोळे असेच असतात," डोमाजी शेजाऱ्यांना सांगायचा. पिल्लू खायचं मात्र दोघांचं. सावळीने स्वतःच्या वाटचा घास त्याला दिला आणि वर डोमाजीच्या वाटचाही दिला.

चार दिवसांनी तिचं अंडं फुटलं. त्या पिल्लाने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि म्हणालं, "काव."

डोमाजीने कान टवकारले. अजून काही येतंय का म्हणून वाट पाहिली. "काव," पिल्लू पुन्हा म्हणालं.

पुढे मोठं पिल्लू गायला लागलं. खरंखुरं, सुरात. सगळं जंगल ऐकायला यायचं आणि डोमाजी खाली उभा राहून सांगायचा, "आमच्याकडे नियमित श्वास असतो." धाकटं मध्येच काव म्हणायचं आणि डोमाजी त्याला गप्प करायचा. एकदा तर तो सावळीला म्हणाला, "नादसंस्काराच्या वेळी तू पंख घट्ट आवळून बसली होतीस. याच्या कानात काही गेलंच नसणार."

हे त्याने बोलायला नको होतं. मला त्याचा राग येतो, तुम्हालाही आला तर येऊ द्या. सावळीने धाकट्याला जवळ ओढलं आणि त्याची मान साफ करत बसली.

आंब्याचा मोसम सरला तसं मोठं एका दुपारी उडून गेलं. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. डोमाजी संध्याकाळपर्यंत त्या दिशेला तोंड करून बसला होता. धाकटं कुठूनतरी भाकरीचा तुकडा घेऊन आलं, अर्धा आईपुढे ठेवला, अर्धा बापापुढे. आणि काव म्हणालं. डोमाजीने त्या दिवशी त्याला गप्प केलं नाही.

पुढच्या वर्षी कोकिळाबाईंच्या वर्गाला फांदी पुरेना. बाईंनी डोमाजीला आदर्श पालक म्हणून बोलावलं, त्याच्या गळ्यात मोहोराची माळ घातली. त्याने भाषण केलं. श्वासावर तर फारच छान बोलला. घरी आला तो माळ तशीच गळ्यात.

"अगं, यंदाही नाव घातलंय," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, तुम्हाला सरावाची दोन अंडी देईन."

सावळी घरट्याला काडी लावत होती. ती म्हणाली, "घेऊन या. पण जाताना गळ्यातलं काढून ठेवा, वेंधळे दिसता. त्यांचीच अंडी सांभाळायची ती, वर माळ कशाला?"

"कोणाची?"

"कोकिळाबाईंची. पोटाखाली घेतलं तेव्हाच कळलं मला. जिवंत अंड्याचा भार मला ठाऊक नाही होय?"

मोठ्याचे लाल डोळे, त्याचं गाणं, साऱ्या जंगलातली पिल्लं, सगळं डोमाजीच्या डोक्यात एकदम जाग्यावर बसलं.

"मग ढकलून का नाही दिलंस?"

"गार पडत होतं ते," सावळी म्हणाली. "गार पडलेलं अंडं मी एकदा पाहिलंय."

डोमाजीने गळ्यातली माळ काढली. शेजारच्या फांदीवर बसला. मग श्वास आत घेतला, धरून ठेवला आणि हळूहळू सोडला. वर्गात शिकलेलं त्याला तेव्हा पहिल्यांदा उपयोगी पडलं. त्या वर्षी पिंपळावर सभा भरली, आणि डोमाजी गेला नाही.

तात्पर्य : आईबाप होण्याचे शिक्षण ज्याने कधी अंडे उबवले नाही त्याच्याकडूनच घ्यावे, कारण उबवणाऱ्यांना शिकवायला सवड नसते. वर्गात नवऱ्याने पहिल्या ओळीत बसावे, माळही त्यानेच घालून घ्यावी. फक्त घरी अंड्यावर बसायला एक अडाणी असली म्हणजे शास्त्र कधी चुकत नाही.