नानांची पाव लिटर गोदावरी

खैरनार नाना नदी बघायला जाताना सोबत नदी नेतात. नाशिकच्या रामकुंडातलं पाव लिटर पाणी, औषधाच्या बाटलीत. समोरच्या नदीत ते थोडं ओतायचं, मगच पूल ओलांडायचा. हा नियम ते स्वतः पाळतात आणि आम्हालाही पाळायला लावतात.

इंदिरानगरात आमची दारं समोरासमोर. नाना अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून सहा वर्षं आम्ही कॉलनीतले लोक एकत्र सहली करतो. नर्मदेवर चोवीस मिनिटं, तापीवर एकोणीस. कृष्णेवर तर पाण्यापर्यंत वाट सापडेना म्हणून गाडी पाऊण तास खोळंबली. मी घड्याळ लावून बसतो. कोणी चिडलं की नाना म्हणतात, "थांबा ना भाऊ, भेट होऊ द्या." कोणाची भेट, विचारलं तर, "नदीची. आणखी कोणाची?"

यंदा आम्ही बोस्नियातल्या मोस्तारला गेलो. बाटली मोठ्या बॅगेत टाका, असं मी विमानतळावर तीनदा सांगितलं. "तिथं नको. कोंडल्यासारखं होतं." पाण्याला? हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही, आणि बाटली अडीचशेची! पिशवी माझ्याकडे देऊन नाना स्वच्छतागृहात गेले, तेवढ्यात मी बाटली शोभेच्या कुंडीत रिकामी केली. तपासणीनंतर ते बूट घालत होते, तेव्हा पिण्याच्या नळावर पुन्हा भरली. पाणी ते पाणी. अठरा जणांचा खोळंबा वाचला.

मोस्तारच्या घरांवर अजून गोळ्यांची भोकं आहेत. एका भिंतीवरची सदतीस मोजली आणि मग मोजवेना. पूल म्हणजे हिरव्या नदीवर दगडाची एकच उंच कमान. गाइड म्हणाला, हा युद्धात तोफांनी पाडला, नंतर तशाच दगडांत पुन्हा बांधला. नाव मात्र 'जुना पूल'.

"पाडला, नवा बांधला, अन् जुना कसा?" नानांनी विचारलं.

"आमच्यासाठी हा तोच आहे," गाइड म्हणाला.

बस सुटायला दहा मिनिटं उरली आणि नाना गायब. काठावर असणार, दुसरीकडे कुठे? मी तणतणत खाली उतरलो.

"नाना, आता पुरे! बस निघेल!"

झाकण उघडून ते नुसते बसले होते. "हिला जरा पूल बघू द्या."

"कोणाला?"

"शोभाला," बायकोचं नाव घेत ते म्हणाले. "वणीच्या पुढं कधी गेली नाही हो ती. आधी माझ्या कारखान्यातल्या पाळ्या, मग तिचं दुखणं. अस्थी रामकुंडात सोडल्या. तिथलं पाणी नेतो, तेवढीच फिरते."

गप्प बसता आलं असतं, पण जमलं नाही. कुंडी सांगितली, नळही सांगितला.

नानांनी बाटलीकडे बघितलं. मग मान वर करून पुलाकडे. फार आतून बोलायचं असलं की त्यांच्या तोंडी सटाण्याकडची बोली येते.

"तो बी नवाच शे ना, भाऊ," ते म्हणाले. "तरी तोच म्हणतात."

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "तुम्ही भरली. तुम्हीच ओता."

मी गुडघ्यावर बसून सगळी ओतली.

बसशी पोचलो तेव्हा चौदा मिनिटं उशीर झाला होता. सगळे माझ्यावरच तुटून पडले. घड्याळवाला मी ना!

"थांबलात तर काय बिघडलं?" मी म्हणालो. "भेट चालली होती."