काडी कोणी मोडली

तुरीची ओली काडी सहसा तुटत नाही. मधोमध वाकवली तर आतला गाभा फुटतो, पण बाहेरची साल दोन्ही तुकड्यांना धरून राहते. फारकतीला मात्र दोन वेगळे तुकडे लागतात. नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडले. सरकारी कचेरीतही ते मानत.

देऊळघाटजवळच्या एका मळ्यात काडी आणली भगवानरावांनी. धाकट्या भावासाठी, उकंडरावांसाठी, सगळे तेच आणत. धोतर आणत, बियाणे आणत. कोकिळाला पसंत करून आले होते तेही तेच.

फारकत कोकिळाला हवी होती. तिचे मूळ मागणे साधे होते, वेगळी चूल. मिरची निघाली की दादांना सांगतो, कांदा निघाला की सांगतो, असे उकंडराव दरवर्षी म्हणत. प्रत्यक्षात दादांपुढे उभे राहिले की मोटेचे काहीतरी विचारून परत येत. शेवटी कोकिळाने पंच बोलावले. भगवानरावांना कारण कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे बोलण्याची जबाबदारी त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःकडे घेतली.

मुख्य पंच नारायणरावांनी उकंडरावांना कारण विचारले. भगवानराव म्हणाले, स्वभाव जुळत नाहीत. मग त्यांनीच निकालही सांगून टाकला. बाईने माहेरून आणले ते बाईचे, बाकी घराचे, आणि लेकरू बापाजवळ. पंचांनी माना हलवल्या.

कोकिळाने खाली पाहत विचारले, "पोरीची वेणी कोण घालीन?"

"बाप घालीन," भगवानराव म्हणाले.

उकंडरावांनी आपल्या बोटांकडे पाहिले.

मग काडी हातात आली. उकंडरावांनी ती वाकवली, पिळली, उलटी पिळली. काडीची दोरी झाली, पण तुटेना. पंच जांभया देऊ लागले. भगवानरावांना राहवले नाही.

"दे बे इकडे," म्हणत त्यांनी काडी ओढून घेतली, साल दाताने तोडली आणि दोन तुकडे पंचांपुढे ठेवले.

नारायणरावांनी दोन्ही तुकडे उचलून पाहिले. "भगवानराव, काडी तुमी मोडली."

"हाव. त्याच्यानं होत नव्हतं."

"पण जो मोडन, त्याची फारकत."

आतून भगवानरावांची बायको गीताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मंग मी मोकळी झाली म्हणा की," त्या शांतपणे म्हणाल्या. माहेरची भांडी त्यांनी तिथेच मोजायला घेतली. पंचांच्या पंगतीची भाजी त्याच पातेल्यात होती, म्हणून पातेले भाजीसकट बाजूला ठेवले. चारही लेकरे अर्थातच बापाजवळ राहणार होती. आत्ताच तसे ठरले होते.

"चौघं?" भगवानराव म्हणाले. "अन् पोरींच्या वेण्या?"

"बाप घालीन," कोकिळा हळूच म्हणाली.

भगवानरावांनी आपले मोडणे मागे घेतले. मागे घेता येत नाही, असे पंच म्हणाले. दुसरी काडी आणू का, असे भगवानरावांनी विचारले. एका घरात एका दिवशी दोन फारकती कोणी ऐकल्या नव्हत्या. पंचांना भूक लागली होती, पण वाढणार कोण? दोन्ही बायका मोकळ्या होऊन ओसरीवर बसल्या होत्या, आणि गीताबाईंचा एक हात पातेल्यावर होता.

"हे पाहा," नारायणराव थकून म्हणाले, "काडी तं मोडली. आता या घरातून कोणीतरी वेगळं झाल्याबिगर आमाले उठता येत नाही. कोण वेगळं होते, ते सांगा."

सवयीने भगवानरावांनी तोंड उघडले. पण त्यांनी बायकोकडे पाहिले, मग भावाकडे.

उकंडराव उठले.

"दादा," ते म्हणाले, "मी वेगळा निघून राह्यलो. तुमच्यापासून. कोकिळा अन् पोर माह्यासंगं."